हत्तीवरचा घोडा

आपल्याकडच्या माणसाचा देवावर विश्वास असेल, नसेल. वजनावर मात्र असतोच. भांडं घेताना तो ते आधी हातात तोलून पाहतो. कपाट घेताना त्यावर चार बुक्क्या मारतो. लग्नातला मान तोळ्यावर मोजतो, आणि पुस्तकाची विद्वत्ता पानांवर. (या शेवटच्या बाबतीत माझा स्वतःचा फायदा असल्यामुळे मी आजवर गप्प बसलो.) परंतु हाच न्याय जेव्हा लोखंडाला लावतात आणि "जेवढं जड तेवढं भक्कम" असं छातीठोकपणे सांगतात, तेव्हा मात्र मला गप्प बसवत नाही.

तुम्ही म्हणाल, हा बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम.; याचा लोखंडाशी संबंध तिजोरीच्या दारापुरता. याला यातलं काय कळतं? त्यावर माझं नम्र उत्तर असं की, ज्यातलं कळतं त्याविषयीच बोलायचं ठरवलं तर बँकेतली चहाची सुट्टी जायची कशी? शिवाय मी वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो. माझ्या टेबलावरून जेवढे हत्ती गेले आहेत, तेवढे कुठल्या संस्थानिकाच्या दारातही झुलले नसतील.

हत्ती म्हणजे अर्थात छोटा हत्ती. टाटांची 'एस' ही गाडी २००५ साली बाजारात आली आणि लोकांनी तिचं बारसं परस्पर उरकून टाकलं. कंपनीनं ठेवलेलं नाव आर.सी.वर राहिलं, लोकांनी ठेवलेलं रस्त्यावर आलं. सात फुटांच्या आसपास लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असा तिचा हौदा. त्यात भाजी जाते, गॅसच्या टाक्या जातात, गणपती येतात नि जातात, मांडवाचे खांब जातात आणि काचाही जातात. प्रत्येक मालाला हौद्यात बसायची आपली एक तऱ्हा असते, आणि त्या तऱ्हेप्रमाणे हौद्यावर एक सांगाडा करून घ्यावा लागतो. हा सांगाडा गाडीबरोबर येत नाही. तो ज्याचा त्यानं योजायचा असतो. माझं भांडण आहे ते या योजनेविषयी. म्हणजे योजना नसते, त्याविषयी.

माझ्या मेव्हण्याचं कोल्हापुरात काचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे. त्यानं छोटा हत्ती घेतला. (कर्ज दुसऱ्या बँकेकडून काढलं. "नात्यात व्यवहार नको, दाजी," असं तो म्हणाला. आमच्या बँकेत कागद फार मागतात, असं त्याला म्हणायचं होतं.) गाडी आली, नारळ फुटला, पुढे लिंबू-मिरची लागली, मागे 'आईचा आशीर्वाद' लागला, दिवे लागले, गाणी लागली. काचा ठेवायला मात्र काही लागलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "त्यात काय दाजी, पोरगं धरतंय की!"

या तीन शब्दांवर आपल्या देशाची निम्मी वाहतूक चालते. काचेच्या दुकानांच्या आसपास कधी पाहा. हौद्यात काचा उभ्या केलेल्या असतात आणि त्यांना पाठ किंवा पोट लावून, दोन्ही हातांत गोणपाटाचे तुकडे घेऊन एक पोरगं उभं असतं. काच ही मोठी मानी वस्तू आहे. आडवी निजवली तर पहिल्या खड्ड्यालाच प्राण सोडते, म्हणून तिला उभ्यानं न्यावं लागतं. आणि वजन म्हणाल, तर ती पाण्याच्या अडीच पट जड. पाच मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. सहा बाय चार फुटांची एक शीट म्हणजे २८ किलो. अशा दहा शीट म्हणजे २८० किलो. आणि त्यांना सांभाळायला कोण? तर पंचेचाळीस किलोचं एक पोरगं! गाडी वळते तेव्हा काचेला सरळ जायचं असतं. गाडी थांबते तेव्हा काचेला पुढे जायचं असतं. तिला अडवायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला स्वतःला धरायला काहीही नसतं.

कायद्यानं मालवाहू गाडीचा हौदा हा माणसांसाठी नाही, हे आर.टी.ओ.लाही ठाऊक आहे आणि मालकालाही. पण मी कायद्याचं सोडतो, हिशेबाचं बोलतो. गाडीला विमा असतो. काचेला बिल असतं. दर वर्षी गाडीवर घसारा धरतात, कारण वापरानं वस्तू झिजते हे हिशेबशास्त्राला मान्य आहे. त्या पोराच्या हातांचा घसारा आजवर कुठल्या ताळेबंदात निघाला? काच फुटली तर ती कुणाच्या पगारातून कापायची हे ठरलेलं असतं. काच पोरावर फुटली तर काय, हे कुणी ठरवलेलं नसतं. घोडा महाग पडतो आणि पोरगं स्वस्त, असा हा हिशेब आहे. आणि मी हिशेबाचा माणूस म्हणून सांगतो, तो खोटा आहे.

'घोडा' हा शब्द मधेच आला, त्याचा खुलासा करतो. काचा नेण्यासाठी हौद्याच्या मधोमध, दोन्हीकडे पाय फाकलेला, इंग्रजी 'ए' अक्षरासारखा जो सांगाडा उभा करतात, त्याला आम्ही घरात घोडा म्हणतो. म्हणजे रस्त्यावरून हत्ती जातो, हत्तीवर घोडा उभा असतो, आणि घोड्याच्या दोन्ही कुशींना काचा टेकलेल्या असतात. एवढी शाही मिरवणूक निघत असताना ती कागदावर आधी का उतरवू नये, एवढाच माझा प्रश्न होता.

सौभाग्यवतींनी भावावर घरगुती दबाव आणला आणि घोडा करायचं ठरलं. आम्ही उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, हौद्यात दोन वेळा पाय आपटला आणि म्हणाले, "करूया की सायेब. खाली पंच्याहत्तरचा चॅनल टाकू, वर पन्नासचा सहा एम.एम. अँगल, तळाला तीन एम.एम. पत्रा. असा भक्कम करतो, की वर खरा घोडा चढवा!"

"माप? चित्र?" मी विचारलं.

मिस्त्रींनी खिशातून खडू काढला आणि शेडमधल्या फरशीवर एक त्रिकोण ओढला. मेव्हणा माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा दाजी, कागद कशाला पाहिजे? मिस्त्रींच्या डोक्यात सगळं असतंय."

डोक्यात सगळं असतं याबद्दल माझी शंका नाही. आमच्या शाखेत पूर्वी एक कॅशिअर होते, त्यांच्याही डोक्यात सगळं असे. पण रजेवर जाताना ते डोकं बरोबर घेऊन जात.

मी तिथेच एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. घोड्याला एकूण लोखंड लागणार सुमारे एकतीस मीटर. त्यातला तळाचा आठ मीटर चॅनल, मीटरला सात किलो धरला तरी ५६ किलो. उरलेला तेवीस मीटर अँगल, मीटरला साडेचार किलो, म्हणजे १०४. पत्रा सुमारे ६०. एकूण घोडा २२० किलोच्या घरात. आता गाडीच्या आर.सी.वर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट चालेल असं कमाल वजन. दोहोंची वजाबाकी म्हणजे गाडीच्या खात्यातली शिल्लक. पहिल्या छोट्या हत्तीची ती पाऊण टन होती; मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, पण आपण साडेसातशे किलो धरू. त्यातून घोड्याचे २२० गेले, उरले ५३०. म्हणजे २८ किलोच्या अठरा शीट. आमच्या बँकेत खात्यात किमान शिल्लक ठेवा म्हटलं की गिऱ्हाईक मॅनेजरच्या केबिनपर्यंत भांडत जातं. इथे खात्यातली तीस टक्के रक्कम पहिल्याच दिवशी कायमची अडकवून टाकायची, आणि त्याला नाव द्यायचं 'भक्कम'!

तोच घोडा चाळीस बाय चाळीसच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी नळीत केला तर? मीटरला सव्वादोन-अडीच किलो. एकतीस मीटरचे झाले ७३. रबर आणि लाकडी पट्ट्यांचे बारा किलो धरा. घोडा ८५ किलोत उभा. उरले ६६५; म्हणजे तेवीस शीट. प्रत्येक भरलेल्या फेरीत पाच शीट जास्त. वर्षाला तीनशे फेऱ्या धरल्या तर पंधराशे शीट. एवढ्या काचांत एका नव्या कॉलनीच्या खिडक्या होतील. आणि त्या आपण लोखंडाच्या कौतुकापायी फुकट फिरवणार!

"पण साहेब, नळी पोकळ असती," मिस्त्री म्हणाले. आता पोकळ म्हणजे कमजोर, हाही आपला एक लाडका समज. माझ्या हातातला कॅलेंडरचा कागद मी सपाट धरला. तो मान टाकून लोंबला. त्याचीच सुरळी करून उभी धरली आणि वर मिस्त्रींची चहाची बशी ठेवली. सुरळीनं बशी पेलली. कागद तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला. उघडा अँगल वाकायला तसा बरा टक्कर देतो, पण खड्ड्यात एक चाक गेलं की सांगाड्याला जो पीळ पडतो, त्यापुढे तो ढिला पडतो. बंद नळीचं बलस्थान नेमकं तेच आहे. मी सांगितलेली नळी मिस्त्रींच्या अँगलच्या जवळजवळ निम्म्या वजनाची, पण पिळाला त्याच्यापेक्षा दहा पटींहून अधिक ताठ. आणि कोल्हापुरातल्या रस्त्यावर पीळ सोडून दुसरं असतं काय?

हे सगळं मिस्त्रींना ठाऊक नव्हतं असं समजू नका. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग चॅनल आणि पत्रा कुठून आला? तर भावातून. फॅब्रिकेशनचं काम आपल्याकडे बहुतेक किलोवर ठरतं. जेवढं लोखंड, तेवढी मजुरी. आता मला सांगा, ज्याला किलोवर पैसे मिळतात, त्यालाच 'किती जड करू?' असं विचारायचं आणि तो 'हलकं करा' म्हणेल अशी अपेक्षा ठेवायची, हा कुठला व्यवहार? उद्या शिंप्याला कापडाच्या मीटरवर शिलाई द्या. तुमच्या सदऱ्याचा घोळ टाचेपर्यंत येईल. यात मिस्त्रींचा दोष नाही. दोष आहे तो भाव ठरवणाऱ्याचा, आणि भाव आपण ठरवतो.

म्हणून मी म्हटलं, "मिस्त्री, किलोवर नको. नगावर ठरवू. एक घोडा, एवढे पैसे." मिस्त्री क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहराच बदलला. जो माणूस आत्तापर्यंत घोड्यावर लोखंड चढवत होता, तो भराभर उतरवायला लागला. "मग सायेब, तळाला पत्रा कशाला? पाणी साठून गंजतोय तिथंच. आणि मधलं हे आडवं काढू, त्याऐवजी तिरका टेकू मारू." पाच मिनिटांत घोड्याची चरबी उतरली. एवढी कला त्या माणसाच्या डोक्यात होती, आणि किलोच्या भावानं ती पत्र्याखाली दडपून ठेवली होती!

आता कुणी चलाख वाचक विचारील, नगावर ठरवलं तर मिस्त्री उद्या एक एम.एम.ची नळी वापरून मोकळा होणार नाही कशावरून? बरोबर आहे, शंका रास्त आहे. त्यासाठीच तर कागद हवा! कागदावर नळीचं माप, जाडी, उंची, कल, जोड, सगळं लिहिलं, खाली दोघांच्या सह्या झाल्या, की न जाड होण्याची भीती, न बारीक होण्याची. बँकेत आम्ही कागद मागतो म्हणून लोक हसतात. पण ज्या देशात पत्रिका कागदावर जुळवतात, त्या देशात पावणेसातशे किलो काच कशावर उभी राहणार, हे खडूनं फरशीवर ठरावं आणि संध्याकाळी झाडूनं पुसून जावं, याला काय म्हणायचं?

आणि कागदावर उतरवायला बसलं की कितीतरी गोष्टी आपोआप लक्षात येतात. चौकोन हा स्वभावानं भिडस्त. कोपऱ्यावर कुणी रेटलं की तो लवून तिरपा होतो. त्रिकोण हट्टी, बाजू मोडेल पण आकार सोडणार नाही. म्हणून जिथे जिथे चौकोन दिसेल तिथे एक तिरका टेकू मारून त्याचे दोन त्रिकोण करायचे. काच टेकते ती बाजू पाचेक अंश कलती हवी. दीड मीटर उंचीला तळाशी सुमारे तेरा सेंटिमीटर बाहेर. पण मग काच ज्या पट्टीवर उभी राहते, ती पट्टीही तेवढीच आत कलती हवी, म्हणजे काच आणि पट्टी यांत काटकोन राहतो. हे बहुतेक जण विसरतात. पट्टी सपाट राहते, काच एका कडेवर उभी राहते आणि खालून टवके उडतात. दोष मात्र ड्रायव्हरला.

लोखंडाला लोखंड जोडताना आधी नुसते टाके मारायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. गुण्या खोटं बोलेल, कर्ण बोलणार नाही. मग एकदा इकडे, एकदा तिकडे असं वेल्डिंग करायचं, कारण जोड थंड होताना लोखंड स्वतःकडे ओढून घेतं. नात्यांतसुद्धा असंच होतं, पण तो विषय वेगळा. घोडा हौद्याच्या पातळ पत्र्यावर नुसता स्क्रूनं टेकवायचा नाही. पहिल्याच महिन्यात पत्रा फाटतो. खालच्या आडव्या पट्ट्यांना धरून, दोन्हीकडे जाड चकत्या देऊन, ढिले न पडणारे नट लावून तो आवळायचा. चेसीला भोक पाडायचं नाही, तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही. तो गाडीचा कणा आहे. घोडा फार मागेही सरकवायचा नाही. मागे ओझं लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं नावाला हातात राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घोड्याची दोन अंगं. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ती पहिल्या वर्षीच शिकवतात. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आणि दोन्हीकडची बेरीज सारखी! मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन हवं. भरताना लोक हे पाळतात. उतरवताना मात्र हाताला लागेल त्या एकाच बाजूच्या काचा काढत सुटतात, आणि मग हत्ती एका कुशीवर कलतो. मी मेव्हण्याला सांगितलं, "एक शीट नावेतून काढलीस की एक जमेतून काढायची." तो म्हणाला, "दाजी, हे पोराला कसं समजायचं?" पोराला एकदा सांगितलं, त्याला समजलं. समजलं नव्हतं ते मालकाला.

आणि एक वर्ग असतो तो 'पुढचं पुढे बघू' वाल्यांचा. त्यांच्या मते हौदा संपतो तिथे गाडी संपत नाही. माल अजून हातभर बाहेर काढता येतो. मागे लोंबणाऱ्या सळ्या घेऊन रात्री चाललेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यामागे मोटारसायकलवरून जाणाऱ्याला त्या कधी दिसल्या, हेही आपण ऐकलं आहे. अशा सळ्या न्यायची नियमातली मुभा २०१४ साली काढून टाकण्यात आली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर माल काढला तर वीस हजार रुपये दंड. वजन जास्त भरलं तर वीस हजार, आणि वर दर टनामागे दोन हजार. गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करायलाही कलम ५२ ची बंधनं आहेत. म्हणून घोडा बोल्टनं काढता-घालता येईल असा ठेवावा, मापात ठेवावा आणि आधी आर.टी.ओ.त विचारून घ्यावं. 'दंड भरू' म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, कुठल्या खात्यातून? हप्ता चुकला की माझ्या टेबलापाशी येऊन तुम्हीच सांगता, 'साहेब, धंद्यात काही राहत नाही.' राहील कसं? तीस टक्के घोड्यानं खाल्लं, बाकी दंडानं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. गाडीच्या कोटेशनात हॉर्नला ओळ असते, सीट कव्हरला ओळ असते. माल ज्यावर राहणार त्या सांगाड्यालाही एक ओळ असावी. त्यासोबत एक कागद असावा, त्यावर सांगाड्याचं चित्र, वजन आणि गाडीच्या खात्यात उरलेली शिल्लक लिहिलेली असावी. आणि भाव किलोवर नव्हे, नगावर असावा. माझ्या साहेबांना मी हे सुचवलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, आधीच अर्ज सोळा पानांचा आहे." मी म्हटलं, "साहेब, पंधरा पानं गिऱ्हाईक पैसे बुडवील का, हे विचारण्यात गेली आहेत. एक पान कुणाचा जीव जाईल का, हे विचारायला असू द्या." साहेबांनी चष्मा पुसला. बँकेत याचा अर्थ 'विचार करू' असा असतो.

मेव्हण्याच्या गाडीवर आता ८५ किलोचा घोडा उभा आहे. काचांना रबर आहे, आवळायला पट्टे आहेत, आणि पोरगं पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून खिडकीबाहेर बघत जातं. "नुसतं बसून पगार घेतंय," अशी मेव्हण्याची तक्रार आहे. घेऊ दे. त्याचे हात शाबूत राहू देत. चार-सहा वर्षांनी त्याच हातांनी ते स्वतःच्या छोट्या हत्तीसाठी कर्जाचा अर्ज भरायला येईल. मी त्याच टेबलावर असेन, आणि सोळाच्या सोळा पानांवर त्याच्याकडून सह्या घेईन.